पाण्यापाशी अडणारं मशीन

कडूबा पवारांना बजाजनगरात येऊन दीड महिना झाला होता. तेवढ्यात त्यांनी घरातले तीन पंखे, मिक्सर आणि शेजारच्या गीताबाईंचं वॉशिंग मशीन दुरुस्त करून टाकलं. घरमालक ज्यासाठी दिवाळीपासून ‘बघू बघू’ म्हणत होता तो जिन्यातला दिवाही लावून झाला. त्यानंतर बिघडलेलं असं काही उरलं नाही आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. कामाची सवय असलेला माणूस रिकामा बसला की घरातल्या बाईच्या डोक्याला किती ताप होतो, हे द्वारकाबाईंना लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर आत्ता कळत होतं. कडूबा चालत्या फ्रिजकडे संशयानं बघत बसायचे आणि द्वारकाबाई म्हणायच्या, “त्याला हात लावू नका. चांगला चाललाय.”

वैजापूरला बाजार समितीच्या रस्त्यावर त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की ती उघडायची, आतली करपलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, हे काम त्यांनी अडतीस वर्षं केलं. उन्हाळ्यात दुकानासमोर मोटारींची रांग लागायची. पण मोटार जळायला आधी विहिरीत पाणी लागतं. दोन पावसाळे कोरडे गेले तशा लोकांनी मोटारी वर ओढल्या, पोत्यात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. मग ऋतुराजनं आईवडिलांना शहरात आणलं. दुकानाला कुलूप लावताना कडूबांना वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं लपवायला त्यांनी कुलपाला दोन वेळा तेल घातलं.

ऋतुराज वाळूजला एका कंपनीत मशीनवर होता. त्याची बायको तनुजा घरूनच काम करायची. तिचं काम कडूबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना ती चेष्टा वाटली होती. अजून पायासुद्धा खणला नाही अशा इमारतींचा ती कॉम्प्युटरवर सिनेमा करायची. दारातून आत जा, जिना चढा, गॅलरीत उभं राहा, खाली बाग बघा. शहर बीड बायपासच्या बाजूनं असं पसरत होतं की अशा सिनेमांना मागणी होती. क्रांती चौकातल्या एका ऑफिसात चार वर्षं दुसऱ्याच्या नावानं हे काम करून तनुजानं दिवाळीत नोकरी सोडली. आणि आता तिला स्वतःच्या नावावरचं पहिलं काम मिळालं होतं, बिल्डर तात्यासाहेबांच्या बंगल्यांच्या स्कीमचं. शुक्रवारी पाडवा. पाडव्याच्या सकाळी दहाला साइटवर मांडव, पाहुणे, मोठा टीव्ही आणि त्यावर दीड मिनिटाचा सिनेमा.

“वेळेत झालं तर तुमचं,” तात्यासाहेब गोडीगुलाबीनं म्हणाले होते, “नाय झालं तर तुमच्या जुन्या ऑफिसला एक फोन टाकतो. त्यांच्याकडं आपलं आधीचं एक तयार हाय. अन् हां, स्विमिंग पूल हलता पाहिजे बरं का. लाटा. लोकांना बघूनच गार वाटलं पाहिजे.”

बुधवारी सकाळी तनुजा चहाचा कप घेऊन खोलीत गेली आणि दारातच थांबली. कॉम्प्युटरचा पडदा निळा पडला होता. त्यावर पांढऱ्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं. रात्री अकराला लावून ठेवलेलं काम सव्वाअकरालाच बंद पडलं होतं, आणि ते बंद पडलेलं मशीन रात्रभर नुसतं बसून होतं. या आठवड्यातली ही चौथी वेळ. तिनं ऋतुराजला फोन लावला, पण पहिली पाळी असली की फोन कंपनीच्या गेटवर जमा करावा लागायचा.

कडूबा दारात येऊन उभे राहिले. बिघाडाचा वास त्यांना कुठूनही यायचा. “काय म्हणतंय?” त्यांनी विचारलं.

“पाण्यापाशी आलं की अडतंय, मामा.”

कडूबांना वाटलं, नळाचं बोलते. मग तनुजानं मशीन पुन्हा सुरू करून त्यांना दाखवलं. सिनेमा म्हणजे एकामागून एक चित्रं. प्रत्येक चित्राचा हिशेब कॉम्प्युटर करतो, उजेड कुठून आला, कशावर पडला, कुठं गेला. सोळाशे चित्रं झाली होती. बंगले, रस्ता, झाडं, सगळं मुकाट्यानं पार पडलं. शेवटची सहाशे चित्रं स्विमिंग पूलची होती आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. उजेड पाण्यात शिरतो, वाकतो, तळावर जाऊन परत वर येतो, आणि लाट हलली की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

“भिंत सोपी असते मामा. पाणी लई अवघड.”

“खऱ्याचंबी तसंच हाय,” कडूबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मशीनची कुंडली त्यांनी विचारून घेतली. मिहिर म्हणून ऋतुराजचा एक मित्र होता. त्याच्या नादानं दोघांनी मिळून हा कॉम्प्युटर जोडला होता आणि जोडल्याबरोबर त्याचा वेग वाढवला होता. कंपनीनं प्रोसेसर चार गिगाहर्ट्झचा म्हणून विकला, यांनी तो सेटिंगमध्ये जाऊन चार पॉइंट सहावर नेला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे सांगताना ऋतुराजचा चेहरा फार बघण्यासारखा व्हायचा. आपल्या मुलाचा बोर्डात नंबर आल्याचं सांगावं तसा. दिवाळीपासून सगळं नीट चाललं होतं, कारण दिवाळीपासून मशीनला असं अवघड काम कुणी सांगितलंच नव्हतं.

“स्पीड वाढवला,” कडूबांनी मान डोलावली. “अन् व्होल्टेज?”

“ते पण थोडं वाढवलंय. एक पॉइंट पंचवीस.”

कडूबांना एकदम आपल्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. शब्द सगळे ओळखीचे होते. स्पीड, व्होल्टेज, लोड, गरम होणं. दीड महिन्यात या शहरात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. त्यांनी खाकरून गळा साफ केला.

“हे बघ पोरी. मी हजार जळक्या मोटारी उघडल्या असतील. त्यातल्या आठशे कमी व्होल्टेजनं जळालेल्या. दुपारी सगळ्या गावाच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. मोटारीला तर तेवढंच पाणी उपसायचंय. मग ती करंट जादा ओढती, तापती अन् जळती. तुझं हे पाण्यापाशी आलं की लोड वाढतोय अन् व्होल्टेज पुरत नाय. वाढव.”

तनुजाला ते पटलं. पटायला आणखी एक कारण होतं. इंटरनेटवर लोकही हेच सांगत होते की वेग टिकत नसेल तर व्होल्टेज वाढवून बघा. इकडून इंटरनेट आणि तिकडून सासरे एकच सांगत असतील तर सुनेनं आणखी कुणाला विचारायचं? तिनं सेटिंगमध्ये जाऊन एक पॉइंट पस्तीस केलं.

आणि चाललं. पाण्याचं पहिलं चित्र झालं, दुसरं झालं, दहावं झालं. पडद्यावर निळं पाणी चौकोनाचौकोनानं भरत होतं. तासभर कडूबा तिथून हलले नाहीत. मग बाहेर येऊन त्यांनी चहा मागितला, आणि तो असा मागितला की द्वारकाबाईंनी विचारलं, “काय, पगार झाला का काय?” कडूबा गॅलरीत गेले. पलीकडं गीताबाई वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्यांना त्यांनी कॉम्प्युटर म्हणजे शेवटी मोटारच कशी असते ते बैजवार समजावून सांगितलं. गीताबाईंच्या वॉशिंग मशीनची गॅरंटी अजून तोंडीच असल्यानं त्यांनीही मान हलवून ऐकून घेतलं.

ते परत आत आले तेव्हा खोलीत शुकशुकाट होता. पंख्याची घरघर थांबली होती. तनुजा बटण दाबत होती आणि काहीच होत नव्हतं.

“अठ्ठ्याण्णव डिग्री दाखवत होतं,” ती म्हणाली. “मी बघेपर्यंत गेलं.”

कडूबांनी उलट्या हातानं डबा चाचपला. विजेच्या वस्तूला ते कधी तळहात लावायचे नाहीत. शॉक असला तर तळहात मिटून तिथंच चिकटतो, उलटा हात झटकला जातो. पण शॉक नव्हता, नुसती आच होती. त्यांनी वाकून वास घेतला. करपलेल्या तारेचा वास त्यांना झोपेतही ओळखू आला असता. तसा वास आला नाही, पण या डब्याला जळताना वास येतो की नाही हेच मुळात त्यांना माहीत नव्हतं. सुनेचं पहिलं काम, परवा पाडवा, आणि आपण चहा पीत गीताबाईंना व्याख्यान देत होतो.

तनुजा पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. ते स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले.

“मी उद्या वैजापूरला जातो,” ते म्हणाले.

द्वारकाबाई पाडव्यासाठी हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “दुकानात जळकी मोटार टाकून पळून गेले होते का कधी?”

“माझ्यामुळं बंद पडलं ते.”

“मग तर मुळीच जायचं नाय,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

मशीन जळालं नव्हतं. फार तापलं की ते आपण होऊन बंद पडतं. पाऊण तासानं गार झाल्यावर तनुजानं बटण दाबलं तर पंखा फिरला, आणि कडूबांनी मनातल्या मनात खंडोबाला नारळ कबूल केला.

चारला ऋतुराज आला. बूट काढायच्या आधी तो खोलीत शिरला. तनुजा एरवी सासू-सासऱ्यांसमोर त्याला ‘तुम्ही’ म्हणायची, पण मशीन बंद पडलं की ती थेट ‘तू’वर यायची. आज ती ‘तू’वर होती.

“तू वाढवलेला स्पीड टिकत नाही, ऋतू. कमी कर.”

“स्पीडचा प्रश्नच नाय. मिहिरचा सेम प्रोसेसर हाय, सेम कंपनी, सेम नंबर. आठ महिने चार पॉइंट सहावर चालतोय,” ऋतुराज म्हणाला. “गरमीनं होतंय हे. अन् अण्णा, व्होल्टेजनं हे उलटं तापतं. मोटारीला भार बाहेरून असतो. इथं जेवढं व्होल्टेज द्याल तेवढी आच.”

अडतीस वर्षांचा नियम असा एका वाक्यात निकालात निघालेला कडूबांनी ऐकला. मग त्यांनी ते गिळलं, कारण खरं होतं.

ऋतुराजनं कामाचा धडाकाच लावला. व्होल्टेज पुन्हा खाली आणलं. डब्याची बाजूची पत्र्याची फळी काढली आणि समोर टेबलफॅन लावला. कूलर ओढून आणला आणि आईकडं दोन बादल्या पाणी मागितलं. परवापासून नळ आला नव्हता. द्वारकाबाईंनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं असं बघितलं की कूलर कोरडाच सुरू झाला. मग त्यानं मेमरीची एक पट्टी काढून ठेवली, दुसरी पुसून बसवली, आणि वर आणखी सेटिंगमधले दोन आकडे बदलले. काम सुरू झालं, पंचवीस मिनिटं चाललं आणि निळं पडलं. डिग्री होती ब्याऐंशी.

“आता काय कळलं?” कडूबांनी विचारलं.

“काय कळायचं?”

“पाच गोष्टी एकदम बदलल्या. चाललं असतं तरी कशानं चाललं कळलं नसतं, अन् बंद पडलं तर कशानं तेबी कळंना. मोटार तपासताना असं करतात व्हय? एका वेळी एक. बाकी सगळं हाय तसं.”

लहानपणी दुकानात हे वाक्य ऋतुराजनं इतक्यांदा ऐकलं होतं की त्याच्या कंपनीतल्या मशीनवरही तो तेच करायचा. फक्त घरातल्या मशीनवर, जिथं त्याची हौस होती, तिथं ते विसरला होता. तनुजानं कॅलेंडरचं संपलेल्या मार्चचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारल्या. काय बदललं, किती वेळ चाललं, किती तापलं.

संध्याकाळभर तिघं त्या पानावर होते. मेमरी मूळ वेगावर आणली, बाकी तसंच. वीस मिनिटांत बंद. मेमरी परत होती तशी. व्होल्टेज अगदी थोडं वाढवलं. पस्तीस मिनिटांत बंद, आणि डिग्री नव्वदवर. व्होल्टेज परत खाली. आता पानावर एकच रकाना शिल्लक होता, वेगाचा, आणि ऋतुराज त्याला हात लावायला तयार नव्हता. मिहिरचं चालतं, हे तो चौथ्यांदा म्हणाला.

कडूबांना आपल्या मुलाची नस कळली. त्याला वेग हवा होता असं नाही, हार नको होती. ते खुर्ची पुढं सरकवून बसले.

“आपली विहीर अन् कडूबाईची विहीर, मधी काय हाय रे?”

“बांध,” ऋतुराज म्हणाला. कडूबाई म्हणजे त्याची आत्या.

“एकाच साली खणल्या. एकाच माणसानं जागा दाखवली. खोली सारखी, दगड सारखा. तिच्यावर पाच एचपीची मोटार दिवसभर चालायची. आपल्यावर म्या पाचची बसवली तर?”

“दोन तासांत गाळ ओढायची.”

“मग मी काय केलं? तिच्या विहिरीशी भांडलो का? तीनची बसवली. झिरा जेवढा पाझरतो तेवढीच मोटार. आपली विहीर खोटी नव्हती बाबा. तिचा झिरा तेवढाच होता. त्या तीनच्या मोटारीवर तुझं शिक्षण झालं.”

ऋतुराजनं पानाकडं बघितलं, मग पडद्याकडं. “चार पॉइंट पाच करून बघू,” तो म्हणाला.

चार पॉइंट पाचवर पन्नास मिनिटं चाललं. चार पॉइंट चारवर दीड तास. तनुजानं आकडे लिहिले आणि झोपायच्या आधी ऋतुराजनं कुणी न सांगता चार पॉइंट दोन केलं, एखाद्या तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं तसा दहा मिनिटं बसला आणि मग उठला.

गुरुवारी पहाटे कडूबा नेहमीप्रमाणे पाचला उठले तेव्हा आतल्या खोलीतून पंख्याची सारखी, एका सुरातली घरघर येत होती. त्यांनी दार लोटून बघितलं. पडदा निळा पडला नव्हता. पाणी निळं होतं. इतका आनंद त्यांना नवी मोटार विकल्यावरही कधी झाला नव्हता, आणि तो सांगायला जागं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी अंगण नसलेल्या त्या घरात गॅलरीच झाडून काढली.

पण सात वाजता तनुजा हिशेब करायला बसली आणि तिचा चेहरा उतरला. पाण्याची चित्रं जेमतेम पावणेदोनशे झाली होती. उरलेल्या सव्वाचारशेंना प्रत्येकी पावणेपाच मिनिटं लागणार. म्हणजे तेहेतीस-चौतीस तास. हातात होते पंचवीस. जुना वेग टिकला असता तरी पुरला नसता. बुधवार जो वाया गेला तो गेलाच होता.

“तात्यासाहेबांना फोन करू?” ऋतुराजनं डबा भरताना विचारलं. त्याच्या आवाजात काल संध्याकाळची ऐट शिल्लक नव्हती.

“करून काय सांगू? ते जुन्या ऑफिसला फोन लावतील.” तिनं कपाळ दाबलं. “सगळा वेळ त्या लाटा खातात. लाट नसती तर उजेडाचा हिशेब एकदाच करून पुढच्या चित्रांना तोच वापरता आला असता. सव्वादोन मिनिटांत झालं असतं एकेक.”

“मग कशाला हलवती पाणी?” कडूबा म्हणाले.

“त्यांनी सांगितलंय मामा. लाटा पाहिजेत.”

“त्यांनी भरलेली विहीर कधी बघितली नसंल.” कडूबा चहा बशीत ओतत होते. “पाणी कमी असलं अन् मोटार चालू असली की हलतं ते. तुडुंब भरलेलं पाणी हलत नाय. काठापर्यंत येतं अन् गप बसतं. वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसतं, मागचं आभाळ दिसतं. माणसाला गार वाटतं ते त्यानं.”

तनुजा त्यांच्याकडं बघत राहिली. ऑफिसात असती तर तिनं साहेबांना विचारलं असतं. इथं साहेब तीच होती, आणि लाटा काढल्या तर उद्या मांडवात मान खाली घालायची वेळही तिच्यावरच येणार होती. तिनं दोन मिनिटं नखं खाल्ली. मग बसली, सेटिंगमधली लाटांची खूण काढून टाकली, आणि संध्याकाळचं आभाळ थोडं खाली ओढून पाण्यावर धरलं. पाण्याची झालेली चित्रंही टाकून द्यावी लागली. साडेसातला तिनं बटण दाबलं.

तो दिवस त्या घरात फार सुखाचा गेला. सगळ्यांना करण्यासारखं काही नव्हतं आणि तरी सगळे कामात होते. द्वारकाबाईंनी पुरण शिजवलं. दुपारी नळ आला आणि अर्ध्या तासात गेला, तेवढ्यात सगळी भांडी भरली. दर तासाला कडूबा खोलीत जाऊन उलटा हात डब्याला लावायचे आणि बाहेर येऊन “ठीक हाय” म्हणायचे. पडद्यावर डिग्री लिहिलेली होती, अडुसष्ट, पण ती वाचायची त्यांना गरज वाटली नाही आणि त्यांना वाचायला सांगावं असं तनुजाला वाटलं नाही. पाळी संपवून आलेला ऋतुराज मिहिरशी फोनवर बोलताना ऐकू आला, “चार दोनवर ठेवलंय. नाय रे, झेपत नाय त्याला. नसंल झेपत तर नसंल.” हे म्हणताना तो हसत होता.

पाडव्याच्या सकाळी सहाच्या सुमारास शेवटचं चित्र झालं. गुढी उभारून होईपर्यंत तनुजानं सगळं जोडलं, संगीत बसवलं आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. चौघं एकाच रिक्षानं बायपासला गेले.

मांडवात सत्तर-ऐंशी माणसं होती. नोकरदार जोडपी, दोनचार म्हातारे, काखेत फाइल धरलेला एक वकील, आणि कडेला साइटवरचे मजूर. रस्त्याच्या पलीकडं पाण्याच्या टँकरची रांग लागलेली, त्यांचे हॉर्न अधूनमधून आत येत होते. पंखे होते, पण वारा गरम होता. तात्यासाहेब पांढऱ्या कपड्यात सगळ्यांना हात जोडत फिरत होते. त्यांनी तनुजाला बघून “आलं का?” एवढंच विचारलं आणि टीव्हीवाल्याला खूण केली.

सिनेमा सुरू झाला. रस्ता, फाटक, बंगले. लोक आपसात बोलत होते, कुणी फोनवर होतं. जिना, गॅलरी, बाग. मग कॅमेरा बागेवरून खाली उतरला आणि पाणी आलं.

ते हललं नाही. काठोकाठ भरलेलं, गप. त्यात संध्याकाळचं आभाळ होतं, उलटे बंगले होते आणि एका झाडाची फांदी पाण्याला टेकल्यासारखी होती. तात्यासाहेबांनी मान वळवून तनुजाकडं बघितलं. भुवई वर गेली होती. तनुजानं पर्सचा बंद घट्ट धरला, आणि कडूबांना वाटलं, आपण या पोरीला दुसऱ्यांदा बुडवलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की मांडवात कुणी बोलत नाहीये. फोनवरचा माणूस फोन कानाला तसाच धरून गप्प होता. सिनेमा संपला, पडदा काळा झाला, तरी टाळी वाजली नाही. तनुजा डोळे मिटून बसली होती. पुढच्या ओळीतून खांद्यावर टॉवेल टाकलेला एक म्हातारा माणूस उठला आणि टीव्हीवाल्याला म्हणाला, “बाबा, ते पाण्याचं तेवढं परत लाव की.”

टीव्हीवाल्यानं तात्यासाहेबांकडं बघितलं. तात्यासाहेबांनी लोकांकडं बघितलं. ते धंदा करणारे होते, त्यांना तोंडं वाचता येत होती. त्यांनी हातानं खूण केली.

दुसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा कडूबांनी ते नीट बघितलं. त्यातून एक तांब्यासुद्धा भरता येणार नाही हे त्या मांडवात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातला थेंब न् थेंब त्यांनी मशीनला हात लावून मोजला होता. तरी त्यांचा ऊर भरून आला. दोन वर्षांत त्यांनी असं पाणी बघितलं नव्हतं, आणि ते त्यांच्या सुनेनं केलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर तात्यासाहेब पेढ्याचा बॉक्स घेऊन त्यांच्याकडं आले. लाटांचं नावही त्यांनी काढलं नाही. “दुसऱ्या फेजची फिल्मबी तुम्हीच करा,” ते तनुजाला म्हणाले. “तीन मिनिटांची पाहिजे. अन् पाणी असंच ठेवा. किती दिवसांत द्याल?”

तनुजाच्या ओठावर ‘आठ दिवस’ आलं होतं. तात्यासाहेबांना तेच ऐकायचं होतं आणि ऋतुराज मागून बोटानं आठच दाखवत होता. पण ती थांबली. तिनं वळून सासऱ्यांकडं बघितलं आणि चारचौघांत, मोठ्यानं विचारलं, “मामा, किती दिवस सांगू?”

दुकान बंद झाल्यापासून कुणी कडूबांना वायदा विचारला नव्हता. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मशीनचा, उन्हाचा, नळाचा, सगळ्याचा विचार केला.

“वीस,” ते तात्यासाहेबांना म्हणाले. “अन् मधी फोन करायचा नाय. झालं की आम्हीच सांगू.”